मन्नाळीकरांची सरहद्द

रंगनाथराव मन्नाळीकर यांच्या टेबलाला तीन खण होते. डावा महाराष्ट्राचा, उजवा आंध्राचा आणि मधला आपला, म्हणजे म्हैसूर राज्याचा. डावा खण बरोबर सोलापूरच्या दिशेला यावा म्हणून त्यांनी शिपायाकडून टेबल फिरवून घेतलं होतं. त्यामुळे खिडकी त्यांच्या पाठीमागे गेली, दिवसभर पाठीवर ऊन यायला लागलं आणि भेटायला आलेल्या माणसाला त्यांचा चेहरा काळा ठिपका दिसू लागला. पण दिशा चुकली नव्हती, याचं त्यांना समाधान होतं. येणारा प्रत्येक कागद ते आधी डाव्या किंवा उजव्या खणात बसतो का ते बघत. दोन्हीकडे बसलाच नाही तर मोठ्या दुःखानं मधल्या खणात टाकत. मधल्या खणातल्या कागदाचं काहीतरी करावं लागे.

मी शेजारच्या कामगार दवाखान्यात सिस्टर होते. गुलबर्ग्याच्या गिरणीतल्या कामगारांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात, आणि त्याच्या बदल्यात आजारपणाला औषध, अपघाताला भरपाई, बाळंतपणाला पगारी रजा मिळे. औषधाचं आम्ही बघायचं, बाकीचं विमा कचेरीनं. दोन्हींच्या मधे एक व्हरांडा होता. माणूस गुलबर्ग्यात राहून गुलबर्ग्यातच आजारी पडला तर ही व्यवस्था बरी चाले. पण गिरणीतली निम्मी माणसं उमरगा, अक्कलकोट, उदगीरकडची. हैदराबाद राज्य होतं तोवर उमरग्याचा माणूस गुलबर्ग्याला कामाला येणं म्हणजे या खोलीतून त्या खोलीत येण्यासारखं होतं. राज्य मोडलं, वाटण्या झाल्या, आणि सणाला घरी गेलेला माणूस परराज्यात गेला असं ठरायला लागलं. तिथं तो आजारी पडला की तो कोणत्याच कचेरीचा कोणी लागत नसे. अशा लोकांसाठी दोन्हीकडच्या कचेऱ्यांचा मेळ घालायचा, या कामावर मन्नाळीकर होते. कामाला नाव समन्वय असं होतं. हा शब्द ते इतक्या आदरानं उच्चारीत की ऐकणाऱ्याला वाटे, हे यांचं कुलदैवत असावं.

अंगानं काटकुळे, उंच. निजामाच्या नोकरीतला बंद गळ्याचा काळा कोट, भर मेमध्येसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला. डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री. मूळचे बिदरकडच्या मन्नाळीचे, शिक्षण उर्दूतलं, बायको चिटगुप्प्याची. चार भाषा त्यांना उत्तम येत आणि त्या चारही ते उलट्या वापरत. सोलापूरच्या माणसाशी कन्नडात बोलत, बंगळूरच्या माणसाशी मराठीत, हैदराबादच्या तेलुगू साहेबाशी उर्दूत. समोरच्याला आपली भाषा नीट कळली नाही म्हणजे आपली बाजू पक्की होते, असा त्यांचा अनुभव होता. मला ते ‘सिस्टरबाई’ म्हणत. दुखणेकऱ्याला ‘इसम’ म्हणत, मग तो बाई असो की मूल.

‘‘आधी इसम कुठला ते ठरवू,’’ हे त्यांचं आवडतं वाक्य, ‘‘मग आजारी आहे का ते बघू.’’

हे वाक्य ते गंमत म्हणून बोलत नसत.

इस्माईल नावाचा एक फिटर होता, उदगीरकडचा. मोहरमला घरी गेला आणि बैलगाडीतून पडून पाय मोडून बसला. तिथल्या हाडवैद्यानं पाय बांधला. इकडे गिरणीनं कळवलं, माणूस गैरहजर आहे. मन्नाळीकरांनी सोलापूरला लिहिलं, इसम आपल्या राज्यात पडला आहे, तरी पाय आपण बघावा. सोलापूरच्या कचेरीत याच कामावर दाते म्हणून गृहस्थ होते. त्यांनी उलट लिहिलं, इसम आपल्या गिरणीचा आहे, तरी पाय आपण बघावा. दोघांचीही पत्रं इतकी गोड असत की वाचताना तोंड चिकट व्हावं. ‘आपल्या सहकार्याबद्दल ही कचेरी सदैव ऋणी आहे’ असं लिहून दोघं एकमेकांच्या अंगावर मोडका पाय ढकलत होते. त्या पायाला एकदा एसटीनं सोलापूरला नेलं, एकदा गुलबर्ग्याला आणलं. गुलबर्ग्याला आणला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली, तर पाय सांधला गेला होता.

मन्नाळीकरांनी लगेच प्रकरण निकाली काढलं. इस्माईलला समोर बसवून म्हणाले, पाय बरा झाला ना, मग आता तक्रार कशाची? इस्माईल शांतपणे म्हणाला, ‘‘टांग तो अल्ला जोड्या, साब. आप क्या जोडे?’’

‘‘आम्ही कागद जोडले,’’ मन्नाळीकर तितक्याच शांतपणे म्हणाले, आणि डावा खण बंद केला.

माझ्या आईला मी हा प्रसंग सांगितला तेव्हा ती हसली. मी तेव्हा हसले नव्हते. इस्माईलचा सहा आठवड्यांचा पगार बुडाला होता आणि पाय किंचित तिरकाच बसला होता.

दाते आणि मन्नाळीकर यांची कित्येक वर्षं पत्रांतूनच ओळख. एकदा वरून हुकूम आला, दोन्ही कचेऱ्यांनी एकत्र बसून अडकलेली प्रकरणं सोडवावीत. कुठं बसायचं यावरच एक हिवाळा गेला. पाहुणा गेला तर भत्ता मिळतो आणि यजमानाला खर्च पडतो, म्हणून दोघंही पाहुणे व्हायला तयार होते. शेवटी आळंद तालुक्यात कोतनवाडीच्या एका शेतकऱ्यानं हुरड्याला बोलावलं, आणि बैठक त्याच्या शेतात ठरली. गाव सरहद्दीला लागून होतं, म्हणजे दोघांनाही कमीपणा नव्हता. ‘बायकांचे प्रश्न निघाल्यास’ म्हणून मला बरोबर घेतलं.

दाते बुटके आणि गोल निघाले. इतक्या गोड पत्रांनंतर समोरासमोर आल्यावर दोघंही नव्या नवरा-नवरीसारखे लाजले. कामाचं कोण काढणार? मन्नाळीकर कन्नडात बोलत होते, दात्यांना कन्नड येत नव्हतं, म्हणून ते हसत होते. प्रकरणांची पिशवी बाभळीला टांगली होती ती तशीच राहिली. शेतकऱ्याच्या बायकोनं मला गोवऱ्यांपाशी बसायची खूण केली. मी सांगितलं, मी सरकारी कामावर आले आहे, हुरडा भाजायला नाही. ती म्हणाली, ‘‘काम तर कुनीच करंना झालंय, बाई. हुरडा तरी भाजा.’’ तिचं बरोबर होतं. मी भाजला.

खाऊन झाल्यावर शेतकरी आम्हाला शेत दाखवायला घेऊन गेला. वाटेत एक नाला होता, उन्हाळ्यात कोरडा पडणारा. तो ओलांडून बरंच पुढं गेल्यावर शेंदूर फासलेला गुडघाभर उंचीचा दगड होता. ही आमच्या गावाची शीव, शेतकरी म्हणाला. वरात आली की इथं थांबते, नारळ फुटतो, मग गावात पाऊल. मन्नाळीकर दगडाभोवती एक चक्कर मारून आले. छत्री टेकून उभे राहिले आणि दात्यांना म्हणाले की, हे पाहा, तुमचं राज्य त्या बाजूला आणि आमचं या बाजूला. दात्यांनी मान डोलावली. त्यांना कन्नड कळलं नव्हतं.

शीव म्हणजे गावाच्या जमिनीची हद्द. राज्याची सरहद्द ही वेगळी गोष्ट. राज्यं वाटली तेव्हा कोतनवाडीपाशी रेघ नाल्यावरून ओढली गेली होती, आणि गावाची थोडी शेतं नाल्यापलीकडं महाराष्ट्रात पडली होती. पण गावातल्या माणसाला विचारलं तर तो दगडापर्यंत आपलंच गाव म्हणे, आजही म्हणतो. निजामाच्या वेळेपासून वरात तिथंच थांबते, तिला कुठल्या विधानसभेनं सांगितलं नाही की आता नाल्यावर थांब. मन्नाळीकरांनी त्या शेतकऱ्याचं ऐकलं आणि राज्याचा नकाशा कायमचा डोक्यात पक्का करून टाकला. सरहद्दीचं काम करणाऱ्या माणसानं ती कुठं आहे हे हुरडा खाऊन ठरवलं होतं.

यानंतर सुमन कांबळेचं प्रकरण आलं.

सुमन गिरणीत सुताच्या बाबिनी भरायच्या खात्यात होती. नवरा नामदेव हातगाडी ओढायचा, सासू नव्हती, चाळीत एक खोली. तिचं माहेर दगडाच्याही पलीकडं, उमरग्याच्या अंगाला. तिला पहिले दिवस राहिले आणि तिची आई गयाबाई तिला न्यायला आली. बाळंतपणाची पगारी रजा मिळायची तर दिवस भरल्याचा आणि बाळ झाल्याचा दाखला लागे, आणि तो आमच्या दवाखान्याचा किंवा राज्यातल्या सरकारी सुईणीचा लागे. सरहद्दीपलीकडं त्या खेड्यांत विम्याची व्यवस्था पोचलेलीच नव्हती, तिथला दाखला चालत नसे, आणि आम्हालाही पलीकडं जाऊन दाखला देता येत नसे. दाखला नसला की बाई गैरहजर, आणि गैरहजर बाईचं नाव गिरणी काढून टाके. आदल्या वर्षी इंदू नावाच्या बाईचं असंच झालं होतं. चार महिन्यांचं मूल कडेवर घेऊन ती फाटकापाशी उभी राहायची. नंतर दिसली नाही.

मी सुमनला सांगितलं, इथंच बाळंत हो, मी आहे. ती आईकडं बघायला लागली. गयाबाई म्हणाली, ‘‘पयलं बाळतपन सासरी केलं तर लोक म्हनतील, हिला म्हायेरच न्हाई. मी काय मेले का बाई? आन् हितं करनार कोन, ह्यो?’’ ह्यो म्हणजे नामदेव. तो भिंतीला टेकून उभा होता, त्यानं लगेच मान हलवून आपल्याला जमणार नाही असं कबूल केलं. सुमन मात्र हळूच म्हणाली, ‘‘सिस्टर, मला नौकरी बी ठिवायची हाय. मी काय करू ते सांगा.’’

मी तिला मन्नाळीकरांकडं नेलं. मला आशा नव्हती. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, डावा खण उघडला, पुन्हा लावला. उजवा उघडायचं काही कारण नव्हतं तरी उघडला. मग गयाबाईला विचारलं, तुमचं कोणी नातेवाईक कोतनवाडीकडं आहे का? गयाबाईचा भाऊ किसन त्याच गावच्या एका पाटलाकडं सालदार होता. नाला ओलांडून, दगडाच्या अलीकडं, शेतातच त्याची झोपडी होती. मन्नाळीकरांचा चेहरा मी पहिल्यांदा उजळलेला पाहिला, पाठीवर ऊन असूनसुद्धा.

‘‘मग झालं,’’ ते म्हणाले. ‘‘मुलीनं माहेरी जायचं नाही. माहेरानं इकडं यायचं.’’

गयाबाईनं पदर खोचला. ‘‘साहेब,’’ ती म्हणाली, ‘‘म्हायेर काय चारपाई हाय का, उचलून आनायला?’’

पण नंतर तिनंच विचार केला. भावाचं घर म्हणजे मुलीचं आजोळ. आजोळी बाळंतपण झालं तर लोकांना नाव ठेवायला जागा नाही. आणि चालत गेलं तर ते घर तिच्या गावापासून हाकेच्या अंतरावर होतं. वैशाखात ती शेळी, पाळणा, मातीचा मोगा भरून तूप आणि बाजेखालच्या शेगडीसकट भावाच्या झोपडीत येऊन राहिली. माहेर इकडं आलं. मन्नाळीकर कचेरीत सगळ्यांना सांगत फिरत होते की हा समन्वय आहे, आणि हा महाराष्ट्रातल्या कोणालाही सुचला नसता.

सुमनचे दिवस भरले तसा निरोप आला. मी पिशवी घेऊन बसनं निघाले तर स्टँडवर मन्नाळीकर छत्री घेऊन उभे. विचारलं, तुम्ही कशाला? म्हणाले, प्रकरण माझ्या खणातलं आहे. दिवसाउजेडी पोचलो. सुमन सकाळपासून अडली होती. पुढचं सगळं मी सांगत बसणार नाही, बाळाच्या मानेला नाळेचा वेढा होता आणि मला दुसरं काही बघायला सवड नव्हती. एकदाच बाहेर बघितलं तेव्हा गयाबाई मन्नाळीकरांना सांगत होती, ‘‘नुस्तं हुबं कामून ऱ्हायलाव साहेब, जाळ घाला की.’’ आणि बंद गळ्याचा कोट घातलेला तो माणूस उकिडवा बसून चुलीत तुराट्या सारत होता. टोपीवर राख पडली होती. पाणी उकळलं की ते उभे राहून मला आतल्या बाजूला ओरडून कळवत, ‘‘पाणी तयार आहे, सिस्टरबाई,’’ जसं काही पाणी कचेरीत हजर झालं होतं.

दुपारी मुलगी झाली. रडायला तिनं वेळ लावला, पण रडली. मी हात धुवायला बाहेर आले, पाठ सरळ केली, आणि झोपडीच्या दाराच्या वरच्या बाजूला माझी नजर गेली. त्या काळी हिवतापाच्या फवारणीवाले प्रत्येक घरावर फवारल्याची खूण लिहून जात. आमच्या गावांत ती कन्नडात असे. इथं ती देवनागरीत होती, आणि तिच्यात उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव होतं.

मी मन्नाळीकरांना बोटानं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं. मी म्हटलं, आपण महाराष्ट्रात आहोत. नाला ओलांडला तेव्हाच आलो.

‘‘शक्य नाही,’’ ते म्हणाले. ‘‘दगड पुढं आहे.’’

मी म्हटलं, दगड गावाचा आहे, राज्याचा नाही.

‘‘सिस्टरबाई,’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला राग ऐकू आला, ‘‘फवारणीवाल्यांना काय कळतं? दिसेल त्या भिंतीवर ते फवारतात.’’

मी दाखला लिहिला. बाळ कुठं झालं, या ओळीवर मी ‘किसन यांची झोपडी, कोतनवाडी’ असं लिहिलं. ते खरंच होतं, झोपडी गावाच्या शिवेच्या आतच होती. राज्य कुठलं याची वेगळी ओळ नव्हती.

गिरणीच्या कचेरीतल्या एका हुशार माणसानं हरकत घेतली. सुमनचं माहेर महाराष्ट्रात आहे, तर बाळंतपण इकडं कसं झालं? प्रकरण वर गेलं. तपासाला बंगळूरहून एक तरुण अधिकारी आले. काळा चष्मा, इस्त्रीची पँट, मराठी आणि उर्दूचा गंध नाही. सरहद्दीपलीकडं बाळंतपण ठरलं तर रजा जाणार, रजा गेली की गिरणी नाव काढणार. सुमनला हे माहीत होतं. तिची तीन महिन्यांची पोर माझ्या दवाखान्यातल्या बाकावर झोपवून ती मला म्हणाली, ‘‘सिस्टर, साहेबाला सांगा, सरहद्द हाय तितंच ऱ्हाऊ द्या म्हनावं. लई हालवू नका.’’ तिला कोणत्या साहेबाला सांगायचं होतं, हे मी विचारलं नाही.

जीपनं आम्ही कोतनवाडीला गेलो. मन्नाळीकरांनी जीप नाल्यावर थांबू दिली नाही, थेट दगडापर्यंत नेली. तिथं उतरवून त्यांनी अधिकाऱ्यांना कन्नडात सांगायला सुरुवात केली. बंगळूरच्या माणसाशी ते कन्नडात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि शुद्ध, छापील कन्नड. ही सरहद्द. या बाजूला आपण. वराती इथं थांबतात. शेंदूर पाहा, किती जुना आहे. अधिकाऱ्यांनी शेंदराला बोट लावून पाहिलं आणि बोट रुमालाला पुसलं.

मग झोपडी. किसनमामा हात जोडून उभा. गयाबाई मुद्दाम आली होती, ती दारात बसून तांदूळ निवडत राहिली. अधिकाऱ्यांनी दाराच्या वर पाहिलं.

‘‘हे काय लिहिलंय?’’ त्यांनी कन्नडात विचारलं. ‘‘ही तर मराठी.’’

मी मन्नाळीकरांकडं पाहिलं. घामानं त्यांच्या कोटाची कॉलर काळी झाली होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, आणि जणू पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं सावकाश वर पाहिलं.

‘‘हिंदी,’’ ते म्हणाले. ‘‘हिवतापाचं काम केंद्र सरकारचं. केंद्राचं सगळं हिंदीत असतं, साहेब.’’

अधिकाऱ्यांनी मान हलवली. केंद्र सरकार हिंदीत लिहितं, याबद्दल त्यांच्या मनात आधीच राग होता, तो त्यांनी दोन वाक्यांत बोलून दाखवला. मन्नाळीकरांनी सहमती दर्शवली. अधिकारी मग माझ्याकडं वळले आणि विचारलं, सिस्टर, ही जागा म्हैसूर राज्यातली ना? मी म्हटलं, ‘‘मूल या झोपडीत झालं आणि मी इथं होते. राज्यांचं खातं मन्नाळीकर साहेबांकडं आहे.’’

सुमनचं नाव गिरणीत राहिलं.

परतताना जीपमध्ये मन्नाळीकर छत्रीची मूठ धरून बाहेर बघत बसले होते. मला वाटलं, खोटं बोलल्याची टोचणी लागली असेल. आयुष्यभर नियमाच्या आड बसलेला माणूस, एका गरीब बाईसाठी बाहेर आला, असं काहीतरी माझ्या मनात यायला लागलं होतं. आळंद मागं पडल्यावर ते एकदम म्हणाले, ‘‘उस्मानाबादच्या हिवताप कचेरीला लिहावं लागेल. त्यांची माणसं आपल्या हद्दीत शिरून फवारतात.’’ आणि त्यांनी खरोखर लिहिलं. ते पत्र मी पाहिलं. ‘आपल्या सहकार्याबद्दल’ वगैरे सगळं होतं. उस्मानाबादहून उत्तर आलं नाही, हा त्यांनी आपला विजय मानला.

सुमनला वाचवलं ते दयेनं की हट्टानं, हे मी नंतर पुष्कळदा जोखून पाहिलं. माझा कौल हट्टाकडंच जातो. चूक कबूल करायची तर त्यांना राज्यभर नाक कापून घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा राज्य दोन शेतं पुढं सरकवणं त्यांना सोपं गेलं. सुमनला त्याच्याशी काही देणं-घेणं नव्हतं. ती पेढे घेऊन आली तेव्हा मला दोन दिले आणि त्यांना एक.

पण पुढं जे झालं त्याला काय म्हणावं? सुमनचं बघून दुसरी आली, मग तिसरी. सगळ्यांची माहेरं पलीकडं, सगळ्यांना नोकरी ठेवायची. मन्नाळीकर प्रत्येकीला विचारत, माहेर इकडं येईल का? किसनमामाच्या झोपडीला एक पडवी निघाली, दोन बाजा आल्या. गिरणीतल्या बायका तिला ‘साहेबाचं म्हायेर’ म्हणायला लागल्या. साहेब स्वतः कागदावर तिला ‘कोतनवाडी प्रसूती व्यवस्था’ म्हणत. हुबळीच्या एका बैठकीत त्यांनी या व्यवस्थेवर अर्धा तास भाषण केलं, मराठीत. कोणाला काही कळलं नाही म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नकाशा कोणीच काढला नाही. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, तरी झोपडी तिथंच होती आणि त्यांच्या हिशेबी कर्नाटकात होती.

इस्माईलसारख्यांसाठी त्यांनी शेवटपर्यंत काही केलं नाही, हेही लिहायला हवं. मोडके पाय तसेच सोलापूरला जात राहिले. त्यांनी एकदा चूक केली होती आणि ती टिकवण्यासाठी जेवढं चांगलं करावं लागलं तेवढं केलं. त्याच्या बाहेर एक पाऊल नाही.

ते निवृत्त झाले. निरोपाला त्यांनी टेबल सोबत न्यायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. नव्या साहेबांनी टेबल फिरवून खिडकीकडं तोंड केलं आणि तिन्ही खणांत डबा, पान आणि वर्तमानपत्र ठेवायला सुरुवात केली. मन्नाळीकर बायकोच्या गावी, चिटगुप्प्याला राहायला गेले असं कळलं. कोतनवाडीला बायका जातच राहिल्या. आता मीच त्यांना पाठवत होते.

मन्नाळीकर मला शेवटचे दिसले ते तिथंच. पारू नावाच्या एका बाईचे दिवस भरत आले होते, मी पिशवी घेऊन उमरग्याच्या बसमध्ये बसले होते. नाल्यापाशी बस थांबली. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, आणि रस्त्याच्या कडेला पाटी उभी करायला खड्डा खणलेला होता. पाटी बाजूला पालथी पडली होती, नवीकोरी, दोन्ही राज्यांची नावं लिहिलेली. ती नाल्यावर उभी राहिली की गिरणीच्या माणसाला बसमधूनसुद्धा कळणार होतं, झोपडी कुठल्या बाजूला आहे. पारू तेव्हा झोपडीत होती.

खड्ड्याभोवती मजूर फावड्यांवर हात ठेवून उभे होते. मुकादम कपाळाला हात लावून बसला होता. खड्ड्यातून एक काळी टोपी आणि एक छत्रीची मूठ दिसत होती. मन्नाळीकर खड्ड्यात बसले होते. चिटगुप्प्याहून इतक्या लांब ते कोणाच्या निरोपावर आले होते, कोण जाणे. मुकादम त्यांना बाहेर येण्याची विनवणी कन्नडात करत होता आणि ते त्याला मराठीत समजावून सांगत होते की पाटीची जागा चुकली आहे, पुढं जा. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं असावं, पण ओळख दाखवली नाही. कामावर असताना ते कधीच दाखवत नसत.

कंडक्टर नवा होता, कोवळा पोरगा. सरहद्द आली की त्याला आपल्या कागदावर तशी नोंद करावी लागे. मांडीवर पॅड घेऊन तो माझ्याकडं वाकला आणि म्हणाला, ‘‘अक्का, तुम्ही नेहमी येता. इथंच महाराष्ट्र लागतो ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘अजून पुढं. दगड लागतो तिथं. मला त्याच्या अलीकडं उतरायचंय.’’